सासू चालत नाही

नवरा गेल्यानंतर मुलुंडच्या घरात आम्ही दोघीच उरलो, मी आणि सासूबाई. पुढे त्यांची डावी बाजू लुळी पडली. दिवसा त्यांना सांभाळायला ब्युरोतून एक बाई यायची. ती होती म्हणून मला नोकरीवर जाता येत होतं, आणि नोकरी होती म्हणून तिचा पगार देता येत होता. यंदा ब्युरोने दर वाढवले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं, घरात दिव्यांग माणूस सांभाळतेस तर टॅक्समध्ये सूट मिळते. घेत कशी नाहीस यार?" ती सूट मिळाली असती तर बाई टिकली असती, आणि मीही. मग मी हात धुऊन मागे लागले. सर्टिफिकेटसाठी सासूबाईंना सरकारी हॉस्पिटलात न्यायचं, तर नेमकी त्या दिवशी लिफ्ट बंद. वॉचमन आणि शेजारच्यांनी खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. त्या वाटभर मालवणीत सगळ्यांचा उद्धार करत होत्या. पण सर्टिफिकेट मिळालं. आता सुटले, असं मला वाटलं.

सूट मागायला ऑफिसात द्यायच्या अर्जात 'नातं' असा रकाना होता. मी 'आई' लिहून टाकलं. विचारसुद्धा केला नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना आईच म्हणते. सासूबाई हा शब्द आमच्याकडे त्यांच्या पाठीमागे वापरायचा.

ऑफिसातून कागद परत आले. माझ्या रेकॉर्डमध्ये आईचं नाव वेगळं होतं. मी तावातावाने स्टेशनजवळच्या एका सीएकडे गेले.

"ताई, ह्या तुमच्या आई नाहीत?" त्याने विचारलं.

"सासूबाई आहेत. म्हणजे आईच ना."

"तसं नाही ना होत. नवरा, मुलं, आईवडील, भावंडं. सासू चालत नाही. मिस्टर असते तर त्यांना मिळाली असती."

"ते असते तर मी इथे कशाला आले असते?"

तो वरमला. "त्यांना मुलगी आहे का? ती सांभाळत असेल तर तिला मिळेल."

मुलगी आहे. दुबईत. तिथे म्हणे पगारावर टॅक्सच नसतो.

मला राग आला तो कायद्याचा कमी आणि 'आई' या शब्दाचा जास्त. त्या शब्दानेच तर मला बांधून घातलं होतं. नवऱ्याच्या तेराव्याला नणंद गळ्यात पडून म्हणाली होती, "आईला आता तूच गं." नातेवाईक म्हणाले, सून नाही, लेकच आहे ती. सांभाळायला मी लेक, आणि सूट मागायला गेले की परकी. नाही म्हणायची सोयच कुणी ठेवली नव्हती, आणि मलाही ते कधी जमलं नव्हतं.

घरी आले. एक तारखेपासून येऊ नका, असं बाईला सांगून टाकलं. ऑफिसात राजीनामा द्यायचा, हेही आता ठरल्यासारखंच होतं. बाई घरी गेली, तशी मी आईंची कूस बदलायला पलंगापाशी गेले. आधारासाठी त्यांनी नेहमीसारखं माझं मनगट धरलं.

"काय म्हणालो तो सीए?" त्यांनी त्यांच्या मालवणीत विचारलं.

"म्हणाला, तुम्ही माझ्या कोणी लागत नाही."

 त्या अर्ध्या तोंडाने हसल्या.

"मगे जा गो माहेराक."

थट्टाच होती ती. पण मला खरंच जावंसं वाटलं, तिथूनच, चपलासुद्धा न घालता. माझी स्वतःची आई केव्हाच गेली आहे, हेसुद्धा क्षणभर आठवलं नाही.

कूस बदलून झाली. उशी नीट करून झाली. जा म्हणाल्या होत्या, पण मनगट काही त्यांनी सोडलं नव्हतं. उजव्या हातात त्यांच्या अजून चांगला जोर आहे.