मेजावरचा मनुकांचा रस

एक जानेवारीला चर्चमधल्या प्रभुभोजनासाठी काळ्या मनुका उकळत ठेवल्या, की त्या गोड वाफेत जळगावच्या पिंप्राळ्यातलं माझं स्वयंपाकघर विरून जातं आणि धुळ्याचं आमचं जुनं चर्च समोर येतं.

तिथे हा रस दरवर्षी आई करायची. एका वर्षी चर्चचे कारभारी योसेफकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "डोंगरातल्या बाईच्या हातचं प्रभूच्या मेजावर नको." आई सातपुड्याच्या पायथ्याची. ती मान खाली घालून घरी आली, आणि रस काकांच्या बायकोने केला.

एक तारखेला सकाळी उपासनेआधी मी त्या भांड्यात मूठभर मीठ टाकलं. काकांनी सगळ्यांदेखत थुंकावं, एवढंच मला हवं होतं.

मंडळीने उभं राहून नव्या वर्षाचं वचन दिलं: प्रभूशी एकनिष्ठ राहू, एकमेकांना क्षमा करू. काकांनी पहिला प्याला तोंडाला लावला. त्यांचा चेहरा वाकडा झाला, पण प्रभुभोजनाचा पवित्र घोट कुणी थुंकत नाही. त्यांनी गिळलं. मग एकेकाने गिळलं. आईनेही.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "बठ्ठासनी पिदं, मी बी पिदं. आते भरनं का तुनं पोट?"

नव्हतं भरलं. आता काका जळगावात मुलाकडे असतात आणि आमच्याच चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात. ते मीठ माझं होतं, हे त्यांना मीच सांगितलंय. हल्ली रस मी करते, बिनमिठाचा. वचनही देते, फक्त 'क्षमा करू' आलं की ओठ मिटते. मग प्याला उचलण्याआधी काका माझ्याकडे बघतात.

मी त्यांना काहीच कळू देत नाही.