ढगाला हात लावायची परवानगी

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या कापडी पिशवीत मूग होते. सोलापुरात नवी पेठेत साड्यांच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. जिना चढून ती दमली होती. पाणी प्यायली आणि तिने मूठभर मूग माझ्या समोरच्या कागदावर ओतले. काळपट पडलेले, काहींना मोड आलेले.

"दुधनीच्या अलीकडं गाव हाय आमचं," ती म्हणाली. "शेंगा तोडून खळ्यावर वाळत घातल्या हुत्या. दुपारी विमान आलं, पंखाखालनं धूर सोडत गेलं. तासाभरात पाऊस. वकीलबाई, आमाला कुणी इचारलं का?"

पन्नाशीची बाई. नवरा गेल्यापासून शेत तीच बघत होती. बोलताना मधेच कानडी शब्द यायचा, मग ती स्वतःच तो मराठीत फिरवून सांगायची. त्या पावसाळ्यात पावसाने ओढ दिली होती आणि सोलापुरातून सरकारी प्रयोगाचं विमान ढगांत मिठाचे कण सोडायला उडत होतं. आमच्या शुक्रवार पेठेतले लोकही गच्चीवर जाऊन ते बघायचे. त्याबद्दल कुणाची तक्रार असेल, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिला भरपाईपेक्षा उत्तर हवं होतं. मी म्हणाले, "मावशी, आधी हे कुठल्या कायद्यात बसतं ते बघते."

आठवडाभर पुस्तकं चाळली. पाण्याचा कायदा होता, तो नदी, विहीर, कालवा यांच्याबद्दल बोलायचा. हवेचा कायदा होता, पण तो प्रदूषणाचा, आणि मिठाच्या कणांना प्रदूषण म्हणायचं कसं? विमानाचा कायदा विमान कुठे उडेल ते सांगत होता, उडून काय करेल ते नाही. जमिनीवर पडल्यावर पाणी कुणाचं, हे मला सांगता आलं असतं. पडायच्या आधी ते कुणाचं, हे मला कुठेच सापडलं नाही.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्याभराने जाडजूड उत्तर आलं. विमानाच्या उड्डाणाची परवानगी होती. वैमानिकाचा परवाना होता. पंखाला लावायच्या मिठाच्या नळकांड्या पेटवून वापरतात, म्हणून त्या साठवायचीही परवानगी होती. सगळे शिक्के जागेवर. ढगाला हात लावायची परवानगी तेवढी कुठे नव्हती, कारण ती द्यायची कुणी, हेच ठरलेलं नव्हतं.

प्रयोगाच्या अधिकाऱ्याने मला भेटायची वेळ दिली. सभ्य, थकलेला माणूस. मी विचारलं, "त्या दिवशीचा पाऊस तुम्ही पाडलात का?"

"मॅडम, ते मला सांगता येणार नाही."

"गुप्त आहे?"

"नाही हो. माहीतच नाही. आम्ही काही ढगांत मीठ सोडतो, काहींत मुद्दाम सोडत नाही आणि मग तुलना करतो. तो ढग आमच्यामुळे बरसला की बरसणारच होता, हे एका ढगावरून कुणीच सांगू शकत नाही." मग म्हणाला, "आणि याला कृत्रिम पाऊस म्हणू नका. पाऊस नैसर्गिकच असतो. आम्ही फक्त मदत करतो."

मी लिहून घेतलं. कोर्टात पहिल्याच तारखेला 'एका ढगावरून सांगता येत नाही' हे वाक्य माझ्या अंगावर येणार, हे दिसत होतं.

तरी मी कोर्टात द्यायच्या अर्जाचा मसुदा केला. त्याच्या सुरुवातीला व्याख्या घातली: 'हवामानात बदल घडवण्याच्या हेतूने वातावरणात कोणताही पदार्थ सोडणे.' बरी जमली असं मला वाटलं. मसुदा वाचून दाखवायला मी तिच्या गावी गेले. ओट्यावर ती होती आणि तिचा धाकटा भाऊ. त्याचं शेत ओढ्यापलीकडे, त्यात तूर उभी.

तिने ऐकून घेतलं. "हेतूनं म्हंजे ठरवून ना?"

"हो."

"मग तितं वीटभट्टी हाय, दिवसभर धूर सोडती. ऊस तोडून झाला की पाचट जाळत्यात. त्यानं बी हवा बदलतीच की. न ठरवता केलं तर चालतं व्हय?"

'हेतूने' काढला तर वीटभट्टी, पाचट आणि तिची स्वतःची चूलसुद्धा व्याख्येत येणार होती. ठेवला तर रोज हवा बिघडवणारा सुटणार आणि पाऊस आणू बघणारा सापडणार होता. मी तो शब्द खोडला आणि पुन्हा लिहिला.

तेवढ्यात तिचा भाऊ म्हणाला, "अक्का, तू सही करू नको. त्याच पावसानं माझी तूर वाचली. विमान बंद केलंस तर मी कुटं जाऊ?"

"मी बंद करा म्हणत न्हाय."

"मग काय म्हणतीस?"

एकाच ओढ्याच्या दोन काठांवर एकाचं नुकसान आणि एकाचं भलं झालं होतं, आणि दोघांनी जेवणही एकाच घरात केलं होतं. कुणाच्या बाजूने हुकूम मागायचा? शिवाय तिच्याच गावात काही जण उलटं बोलत होते: विमानाने ढग पळवले आणि पाऊस पलीकडे कर्नाटकात पडला. दोन राज्यांमधले नदीचे वाद मी वाचले होते. ढगाच्या वादाला कुठल्या दारात जायचं ते मला ठाऊक नव्हतं.

शेवटी तीच बोलली. "आदी सांगा, एवडंच लिवा. विमान येणार म्हणून सांगा. मी शेंगा झाकून ठिवीन, ह्यो आभाळाकडं बघत बसंल."

खटला दाखल झालाच नाही. तेवढ्या एका मागणीचं निवेदन दिलं. अधिकारी म्हणाला, ढग बघून अर्ध्या तासात ठरतं, आधी कसं कळवणार? मी म्हणाले, मग अर्धा तास आधी कळवा. त्याने मान्य केलं, आपणहून, कुठल्याही नियमाशिवाय. उरलेला हंगाम तलाठ्याच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर संदेश येत राहिले. दोनदा तिने ताडपत्री टाकली. एकदा पाऊस आला, एकदा आला नाही. अधिकारी बदलला असता तर संदेश बंद पडले असते आणि मला काही करता आलं नसतं, हे मी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

आता मी आठवड्यातून एकदा विधी महाविद्यालयात शिकवते. पृथ्वी तापते आहे म्हणून सूर्याचं ऊन थोडं अडवायला वरच्या हवेत कण सोडावेत अशी चर्चा जगात चालली आहे. परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, हे कुणी केलं तर नियम कोणता लागेल? मी तिला माझी जुनी व्याख्या फळ्यावर लिहून दिली आणि वर्गाला म्हणाले, यातली चूक शोधा. तासभर वाद झाला. 'हेतू' हा शब्द तीनदा पुसला गेला. घंटा झाली तेव्हा फळ्यावर अर्धंच वाक्य होतं. पुढच्या वर्गाला फळा हवा होता, म्हणून मी ते वहीत उतरवून घेतलं.