गोलसमोरचं गवत

“गावाला प्यायला न्हाई, अन् ह्यांच्या मैदानात गवत उगवतंय!” शिक्षकांच्या खोलीबाहेर शिपाईमामा कुणाला तरी सांगत होते. मी डबा उघडता उघडता थांबले.

गवत होतं खरं. वडवणीकडच्या त्या दुष्काळात विहिरी आटल्या होत्या, सहकारी साखर कारखाना बंद होता, कारखान्याचा टँकर येईल तेवढंच पाणी. आणि कारखान्याच्या शाळेत फुटबॉलच्या गोलसमोर तेवढा हिरवा तुकडा. तो राखायचे मराठीचे सर. तरुणपणी ते हौसेनं कारखान्याच्या संघातून फुटबॉल खेळत. गुडघा गेला तेव्हा चेअरमननी त्यांना शाळेत चिकटवलं, असं सगळे म्हणत.

मी इंग्रजी शिकवायला नवीनच आलेली, शहरातल्या कॉन्व्हेंटची, अबोल. सर पेटी वाजवत, नाटकातल्या पोरांना मिशा रंगवत, सायकलचं पंक्चरही काढत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. इतकं सगळं येणारा कुणी मला खरा वाटेना. त्यात ते हसत विचारत, “म्याडम, लई गप ऱ्हाता. कावून?” मी डबा जवळ ओढायची. आता ते नाहीत, म्हणून सांगतेय.

त्यांचा वर्ग भिंतीपलीकडून ऐकू येई. एकानं गोष्ट सुरू करायची, दुसऱ्यानं पुढे न्यायची. कुणी गोष्ट सोडेनासा झाला की सर ओरडत, “एकटाच घेऊन पळू नको बे, पास दे!” वर्ग हसे. मीही, मान खाली घालून.

एका सकाळी मी लवकर पोचले. आईबाप ऊसतोडीला गेलेली मुलं शाळेच्या वसतिगृहात राहत. ती चड्डीवर गोलसमोर रांगेत उभी होती आणि सर वसतिगृहाच्या वाट्याच्या पाण्यातून एकेकाच्या डोक्यावर तांब्या ओतत होते.

“साबण नको बे, त्यानं गवत जळतंय. दगडानं घास. अन् जरा इकडं सरक, तिथलं काल भिजलंय.”

मी फाटकातूनच मागे फिरले. तरी मनात आलंच, हे आपल्याला दाखवायला तर नाही?

मग कारखान्याचे संचालक शाळेत आले. आम्हा सगळ्यांना समोर बसवलं, सरांना उभं केलं.

“टँकरचं पाणी मैदानात जिरवता? उद्यापासून येऊ नका.”

“पोरांच्या आंघोळीचं हाय ते, साहेब.”

“गुरुजी, हे बी नाटकच का?”

सगळे हसले. शिपाईमामा तर जोरात. वसतिगृहाची मुलं सांगू शकली असती, पण त्यांना कोण विचारणार? सर उभेच होते, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी त्या सकाळी फाटकात होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

कुणाची तरी खुर्ची करकरली. सगळे वळले तेव्हा कळलं, उभी मीच राहिलेय.

“हे सर मला अजून नीट कळलेले नाहीत,” मी म्हणाले. “पण पाणी आंघोळीचंच आहे. मी पाहिलंय. उद्या सकाळी या, तुम्हीही बघा.”