तात्यांचा चमचा

डबाबंद मालाच्या कारखान्यात चार वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. माझ्याकडचे बहुतेक तात्यांचे. पूर्वी ते मी लोकांना हसवायला सांगायचो.

नव्वदच्या दशकात लोणी देवकरला आमचा छोटा कारखाना होता. मिठाच्या पाण्यात बेबीकॉर्न भरून डबे बंद करायचे आणि मोठ्या कुकरमध्ये शिजवायचे. कुकर कळंबच्या तात्यांकडे, लॅब माझ्याकडे.

तात्यांच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलचा चमचा असे. प्रत्येक बॅचचा एक डबा फोडून ते चाखत आणि म्हणत, "जाऊ द्या गाडी." माझा रिपोर्ट हातात असला तरी ड्रायव्हर तात्यांकडेच बघायचा.

*

एकदा पुण्याहून खरेदीवाले साहेब आले. "क्वालिटी कोण बघतं?" सगळ्यांनी तात्यांकडे बोट केलं. साहेबांनी डिग्री विचारली. तात्यांनी जीभ काढून दाखवली! सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो.

*

बावड्याला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. तात्या चाखल्याशिवाय आचारी बासुंदी वाढेना. वऱ्हाड ताटकळलं, नवरदेवाचा मामा चिडला. तात्या आले, चमचाभर घेतली आणि म्हणाले, "साखर कमी हाय, पण मरत न्हाय कुणी."

*

एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "साहेब, फुगलेला डबा आपण फेकतो. न फुगताच बिघडला, तर जिभंला कळंल का?"

नेहमी कळत नाही. डबा नीट शिजला नाही तर आत जंतू जे विष तयार करतात, ते जिभेला लागतच नाही, आणि माणूस मरायला जरासं पुरतं. हे मला पाठ होतं. पण तात्यांचा सगळा मान त्या चमच्यावर होता, तो मी कसा मोडू? "बघू," म्हणालो आणि चहा मागवला. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

*

मग एकदा लाइट गेली आणि कुकर मधेच थंड पडला. ते डबे मी गाडीवर चढू दिले नाहीत. फुगतात का बघायला उबेच्या खोलीत ठेवले. दहा दिवसांत बरेच फुगले. मी सुट्टीवर असताना तात्यांनी न फुगलेला एक फोडला आणि चाखला.

दोन दिवसांनी बारामतीच्या दवाखान्यात गेलो. तात्यांच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जीभ जड. वेळेत आणलंत, वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. मी खाटेजवळ उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं, मला आधीपासून माहीत होतं हेसुद्धा.

तात्यांनी बोटानं एक पापणी वर उचलून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, दोन दोन तुमी दिसताय," ते अडखळत म्हणाले. "एकानं तरी सांगायचं व्हतं."