यंत्र म्हणालं, हाय

इंदापूरच्या बागांतली डाळिंबं उचलून मी धंदा उभा केला. झाडावरचं फळ बघून भाव पाडण्यात मला कुणी हरवलेलं नाही. पण गेल्या थंडीत ताप आणि उलट्यांनी आडवा झालो आणि घरातल्यांनी माझा जीवच पणाला लावला. होय, घरातल्यांनीच. माझं मत अजून बदललेलं नाही.

मला मधुमेह. इन्सुलिनच्या दोन सुया, एक जेवणाआधी, एक रात्री झोपताना. थोरल्या अक्कानं फर्मान काढलं, “तापात लंघन. पोटात कायबी जाऊ द्यायचं न्हाय.” मग मी दोन्ही सुया बंद केल्या. माल उतरलाच नाही तर हमाली कसली?

“आवं, साखर तरी बघा,” बायको म्हणाली.

“कारखान्यात ऊस न्हाय आन् साखर कुठनं निघंल?”

दुसऱ्या दिवशी घसा कोरडा पडला, धाप लागली. बायकोनं न विचारताच बोट टोचलं. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा नव्हता, इंग्रजी दोन अक्षरं होती. तिनं जुळवून वाचली, “हाय.”

“हाय न्हवं? मग झालं!” अक्का म्हणाली. “न्हाय म्हणालं असतं तर काळजी.”

मलाही पटलं. बायकोला मात्र पटेना. तिनं बारामतीच्या डॉक्टरांना फोन लावला.

“साखर किती आहे?”

“आकडा न्हाय सायेब, नुसतं हाय म्हणतंय.”

“हाय म्हणजे मोजता येणार नाही इतकी वर! आत्ताच्या आत्ता घेऊन या!”

सलाईन चढल्यावर शुद्धीत आलो आणि आधी भांडलो. “पोटात कण नसताना साखर वाढलीच कशी?”

“तापात शरीर गोदामातली साखर बाहेर काढतं. रात्रीची सुई तिच्यासाठी असते, ती मनानं बंद करायची नाही. आजारपणात साखर वरचेवर बघायची, पाणी घोटघोट घ्यायचं, उलटी थांबेना तर मला फोन.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“सांगत होतो. तुम्ही फी कमी करा म्हणून हटून बसला होतात.”

फी जास्तच होती.

परवा पुन्हा कणकण आली. अक्का लंघन घेऊन हजर. मी रात्रीची सुई घेतली, बायकोनं बोट टोचलं.

“यंत्रावर आकडा हाय का?” मी विचारलं.

“हाय.”

मी ताडकन उठून बसलो. “नीट बोल की! आकडा हाय का नुसतं हाय?”