सुपेल्याच्या होर्डिंगवरचा चेहरा

माझ्या सासूबाई सत्यभामा कापगते यांचं जाहिरातींशी जुनं वैर आहे. सकाळी पेपर आला की त्या पहिलं पान उलटतात, दुसरं उलटतात, आणि आत कुठे बातमी दिसली की म्हणतात, "भेटली बाप्पा एकदाची." टीव्हीवर एखादा हिरो गुंडांना लोळवतो आणि पुढच्याच मिनिटाला वेलचीचं नाव सांगून पुडी विकायला येतो, तेव्हा त्या त्याला थेट विचारतात, "तुह्या पोराले खाऊ घालतं का रे हे?" प्लॉट विकणाऱ्यांचा फोन आला तर कापत नाहीत. समोरच्या पोराचं गाव विचारतात, आई बरी आहे का विचारतात, जेवला का विचारतात. शेवटी तोच फोन ठेवतो.

भिलाईच्या जुनवानी भागात आम्ही घर बांधलं त्या वर्षी कुंपणाच्या भिंतीवर कोणीतरी रातोरात बनियनची जाहिरात रंगवून गेलं. खाली दुकानदाराचा नंबर होता. सासूबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि चुन्याची बादली त्याच्या हातात दिली. तो बिचारा मुकाट्यानं भिंत पांढरी करून गेला.

सिनेमाचं मात्र त्यांना लहानपणापासून वेड. त्यांचे वडील बळीराम साकोलीकडच्या खेड्यातून पोलादाच्या प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईला आले आणि कंपनीच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये राहिले. पिक्चर पाहायचा तर सगळ्या घरानं, हा त्यांचा नियम. शाळेत सासूबाईंच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींना थेटरात जायची मुभा नव्हती. त्यांच्यासाठी सासूबाई मधल्या सुट्टीत अख्खा पिक्चर सांगायच्या. मारामारी, गाणी, हिरोच्या आईचं रडणं, सगळं करून दाखवायच्या.

एकदा मोठ्या मॅडमनी हे पकडलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढं त्यांना उभं केलं आणि म्हणाल्या, "जो वहाँ सुनाती हो, वो यहाँ सुनाओ." मुलगी लाजेनं मान खाली घालेल असा त्यांचा अंदाज होता. सासूबाईंनी पहिल्या सीनपासून सुरुवात केली. पोरं तर सोडाच, घंटा देणाऱ्या अंजनाबाईही दांडा हातात धरून ऐकत राहिल्या. पहिला तास बुडाला. मॅडम म्हणाल्या, "बस करो." सासूबाई म्हणाल्या, "मैडम, हीरो अभी जेल में है." दुसऱ्या दिवशी वडिलांना शाळेत बोलावलं. बळीरामबुवांनी सगळं ऐकून घेतलं, मुलीला घेऊन घरी निघाले, आणि फाटकाबाहेर आल्यावर विचारलं, "मंग सुटला का तो?"

असं त्यांचं माहेर. पुढे लग्न झालं. माझे सासरे देवाजी प्लांटमध्ये रेल मिलला, रूळ बनतात तिथं, होते. ते गेल्याला आता काही वर्षं झाली. मी हर्षा, त्यांची सून, माहेर दुर्गच्या पद्मनाभपुरातलं. माझा नवरा राजकुमार प्लांटमध्येच आहे, आणि आमची एकुलती एक मुलगी रोशनी.

रोशनी दहावीला राज्याच्या मेरिट लिस्टमध्ये आली. आमच्या घरात हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. ती सेक्टरच्या साध्या शाळेत होती, जिथं आता वर्गात निम्मे बाक रिकामे असतात. तिचं गणित कच्चं होतं. वंदना मॅडमनी नववीपासून तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि रोज शिकवलं. कशाची अपेक्षा नाही. कधी मी डब्यात चार जास्तीच्या पोळ्या दिल्या तर तेवढ्या खायच्या.

निकाल लागल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पेढे तं सगळेच वाटतात. आपण मॅडमले पिक्चर दाखवू." मॅडम नको नको म्हणत होत्या, पण सासूबाईंपुढं त्यांचं चाललं नाही. मे महिन्याच्या दुपारी आम्ही पाच जण मॉलच्या थेटरात जाऊन बसलो. तिकिटावरची वेळ होऊन गेली तरी जाहिरातीच चालल्या होत्या. सिमेंट, साड्या, दागिने, मग पुन्हा सिमेंट. सासूबाईंचं पुटपुटणं सुरू झालं. "आपुन पैसे देऊन आलो, का हे आपल्याले देऊन राहिले?"

आणि मग पडद्यावर रोशनी आली.

शाळेच्या ड्रेसमधली, दोन वेण्या घातलेली, पडद्यावर मावणार नाही एवढी. मागे संगीत, आणि भारदस्त आवाजात कोणी सांगत होतं, "रोशनी की सफलता का राज़, संकल्प-शिखर क्लासेस, सुपेला. हमारी छात्रा, हमारा गौरव."

मला आधी आनंदच झाला. आपली पोरगी पडद्यावर दिसली की आईला दुसरं काय होणार. मग शेजारून वंदना मॅडमचा आवाज आला, अगदी हळू. "रोशनी, तू क्लासला जात होतीस? सांगायचं ना मला." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. रोशनी म्हणाली, "मॅडम, कसम से, नाही. मी फक्त एकदा मैत्रिणीसोबत गेले होते, फ्री स्कॉलरशिप टेस्ट होती. तिथं फोटो मागितला होता."

तोपर्यंत सासूबाई खुर्चीवरून उठल्या होत्या. मला वाटलं, बाहेर मॅनेजरकडे निघाल्या. त्या पायऱ्या उतरून सरळ पडद्याखाली गेल्या आणि लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जाहिरातीचा रंगीत उजेड त्यांच्या पातळावर हलत होता. सगळ्यांना कळावं म्हणून त्या हिंदीत बोलल्या.

"ये जो लड़की अभी दिखाई, ये मेरी पोती है. ये इनके यहाँ एक दिन नहीं पढ़ी. जिसने पढ़ाया, वो मैडम ऊपर बैठी हैं. सेक्टर के स्कूल की हैं. नाम है वंदना मैडम."

मागून कोणी ओरडलं, "अम्मा, बैठ जाओ."

"पिक्चर शुरू हुई क्या?" सासूबाईंनी विचारलं. "नहीं ना. विज्ञापन ही चल रहा है. इतने सुने, तो मेरा भी सुन लो."

काही लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. रोशनीनं ओढणीत तोंड लपवलं. "मम्मी, सब देख रहे हैं," ती म्हणत होती. वंदना मॅडम खाली बघत होत्या, पण त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. गार्ड आला, त्याच्या मागे मॅनेजर आला. त्यांनी सासूबाईंना बाहेर चला म्हटलं. तेवढ्यात पिक्चर सुरू झाला, तशा त्या गार्डला म्हणाल्या, "आता मले जाऊ दे, सुरुवात चुकन," आणि वर येऊन आपल्या जागेवर बसल्या. इंटरव्हलमध्ये राजकुमारनं घरी चलण्याचा विषय काढला. "पिक्चर कावून सोडू?" त्या म्हणाल्या. "पिक्चरनं माह्यं काय केलं?"

हॉलमधल्या कोणीतरी हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ते फिरत आलं. रोशनीच्या मैत्रिणी तिला "विज्ञापन वाली" म्हणू लागल्या. ती आजीशी बोलेना. सासूबाईंनी तिची मनधरणीही केली नाही. एवढंच म्हणाल्या, "रागव. पण तुह्या मॅडमचं तोंड तू पाहिलं होतं ना?"

आम्ही चौकशी केली तर तिचा फोटो सुपेल्याच्या चौकातल्या होर्डिंगवर होता, आणि कितीतरी ऑटोंच्या पाठीवरसुद्धा.

तीन-चार दिवसांनी क्लासचे मालक स्वतः घरी आले. पीयूष सर. वय जेमतेम पस्तीस, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा मोठा डबा आणि एका पिशवीत नवा टॅबलेट. आधी हिंदीत बोलत होते. भिंतीवर मराठी कॅलेंडर दिसलं तसे मराठीत आले. "आजी, आम्हीपण गोंदियाकडचेच. घरचीच माणसं आपण."

सासूबाईंनी उत्तर हिंदीत दिलं. "तो फिर घरवालों से पूछकर फोटो लगाते."

ते हसले. म्हणाले, टीमच्या हातून गडबड झाली, पण झालं ते चांगल्यासाठीच समजा. रोशनीला पुढची दोन वर्षं क्लास फुकट, टॅबलेट आजच. तिनं फक्त कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलायची की संकल्प-शिखरचं मार्गदर्शन मिळालं. "टेस्ट तर तिनं दिलीच होती ना. म्हणजे अगदीच खोटं नाही."

राजकुमार टॅबलेटच्या पिशवीकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. पोरीला इंजिनियरिंग करायचं आहे, आणि चांगला क्लास आमच्या आवाक्यातला नाही. तो म्हणाला, "आई, जरा इचार कर ना. पोरीचं भलं होऊन राहिलं."

सासूबाई दाराकडे वळल्या. रोशनी दारात उभी होती, तिला त्या म्हणाल्या, "क्लासले माह्या विरोध नाई. तुले जायचं असन तं जाय. पण कॅमेऱ्यापुढं काय बोलायचं ते तुह्यं तू ठरव. मी सांगणार नाई."

रोशनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा आजीकडे नीट बघत होती. मग ती पीयूष सरांना म्हणाली, "सर, उस टेस्ट का रिज़ल्ट आज तक नहीं आया. मैंने दो बार फोन किया था. अगर मैं मेरिट में नहीं आती, तो आपको मेरा नाम भी याद रहता क्या?"

पीयूष सरांनी समजावून पाहिलं. सगळेच असं करतात, म्हणाले. सुपेल्यापासून स्टेशनपर्यंतचे बोर्ड बघा, कोणाचा टॉपर कोणाकडे शिकला हे कोण विचारतं. मग आवाज थोडा बदलला. थेटरात गोंधळ घातला म्हणून तक्रारही होऊ शकते, म्हणाले.

"करा," सासूबाई आता मराठीत बोलल्या. "मले कोणी इचारन, याचीच वाट पाहून राहिली मी. आनं हे पोरगी काय साबण आहे का, फोटो लावला आनं इकली? ज्या पडद्यावर खोटं दाखवलं, त्याच पडद्यावर खरं सांगा. पेढे घेऊन जा."

ते टॅबलेट घेऊन गेले आणि पेढे तसेच ठेवून गेले. सासूबाईंनी राजकुमारला डबा घेऊन गाडीमागे पळवलं. राजकुमार कुरकुरत गेला, पण गेला.

पुढच्या सोमवारपासून त्या ऑटोनं सुपेल्याला जायला लागल्या. क्लासच्या ऑफिसात ॲडमिशनची गर्दी होती. त्या तिथल्या सोफ्यावर बसायच्या. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. शेजारी कोणी आई-बाप येऊन बसले की त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "ये मेरी पोती है. ये यहाँ नहीं पढ़ी. बाकियों का आप पूछ लो." काउंटरवर आम्रपाली नावाची मुलगी होती. तिला त्यांना उठवायचा हुकूम होता, पण एवढ्या म्हाताऱ्या बाईच्या दंडाला धरणार कोण? ती चहा आणून द्यायची. सासूबाई घ्यायच्या. घरी येऊन सांगायच्या, "पोरगी गुणाची आहे. चहा बरा करते."

मी एकदा त्यांना म्हटलं, आई, उन्हाचं कशाला जाता, आपण वकील बघू. त्या म्हणाल्या, "वकील तारीख घेते. मी तं रोज जाऊन राहिली." एक दिवस मीही सोबत गेले. एक शेतकरी जोडपं बेमेतऱ्याकडून आलं होतं, मुलगा मागे बसलेला. त्यांनी सासूबाईंचं ऐकून घेतलं आणि काउंटरवर जाऊन विचारलं, बाकीच्या फोटोंतली कोणती मुलं खरंच इथं शिकली? आम्रपालीनं आत सरांकडे बघितलं. सर फोनवर बोलत राहिले. ते जोडपं उठून निघून गेलं.

दुसऱ्या आठवड्यात पीयूष सरांचा राजकुमारला फोन आला. थेटरातली जाहिरात काढली, ऑटोंवरचे फोटो काढायला माणूस लावला. पडद्यावर खुलासा मात्र होणार नाही, पेपरात देऊ. दिला. आतल्या पानावर, निविदांच्या खाली, बारीक अक्षरात, की रोशनी कापगते ही आमची विद्यार्थिनी नव्हती, चुकीबद्दल खेद आहे. सासूबाईंनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. "खोटं पडदाभर, खरं बोटभर," त्या म्हणाल्या आणि पेपर माझ्याकडे सरकवला. त्यांचं समाधान झालं नव्हतं, अजूनही नाही.

वंदना मॅडमना मात्र एका गोष्टीचा फार आनंद झाला. थेटरातला तो व्हिडिओ बघून जवळपासच्या काही आई-बापांनी त्यांच्या शाळेची चौकशी केली, आणि अकरावीच्या वर्गात यंदा बाक थोडे भरले. रोशनी तिथंच राहिली. गणित मॅडम शिकवतात, बाकीचं ती मोबाईलवरून शिकते. पुढे तिला कमी पडेल का, या विचारानं मला कधी कधी झोप येत नाही. सासूबाईंना तसं बोलून दाखवलं तर म्हणतात, "पडन तं पाहू. पण जे होईन ते तिच्या नावावर होईन."

परवा आम्ही तिघी रोशनीची वह्या-पुस्तकं घ्यायला सुपेल्याला गेलो. चौकात ऑटो थांबली तेव्हा सासूबाईंनी मान वर करून होर्डिंग पाहिलं. रोशनीच्या जागी दुसरी मुलगी आली होती. चष्मा लावलेली, गोल चेहऱ्याची, खाली तेच शब्द, हमारी छात्रा, हमारा गौरव. त्या बराच वेळ बघत राहिल्या. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

"रोशनी, फोटो काढ हिचा," त्या म्हणाल्या. "नाव वाचता येते का पाह्य. कोणत्या शाळेची आहे, ते शोध."

"क्यों, आजी?"

"हिलेबी घरी आजी असनच ना," सासूबाई म्हणाल्या, आणि ऑटोवाल्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.