चिलखताचं वजन

परबकाका कुठल्याही बोटीवर चढले की आधी डेकच्या मधोमध उभे राहत, डोळे मिटत आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. आम्ही इंजिनीअर मंडळी पाठीमागे हसायचो. ते मूळचे मालवणचे. मुंबईच्या गोदीत उमेदीची वर्षं घालवून ओमानच्या आमच्या जहाजदुरुस्ती यार्डात फोरमन म्हणून आले होते.

आम्ही दोघं माबेला या उपनगरात राहायचो, म्हणून बरका गावापलीकडच्या यार्डापर्यंत ते माझ्याच गाडीतून येत. विषय एकच, दीडशे वर्षांपूर्वीच्या चिलखती युद्धनौका. लाकडी जहाजांना लोखंडी पत्रे कसे जडवले, शिडांच्या जोडीला वाफ कशी आली. एका जहाजाचं त्यांना फार वाईट वाटे. त्यावर तोफांचे जड फिरते मनोरे बसवले आणि उंच डोलकाठ्याही तशाच ठेवल्या. एकही गोळा न लागता ते वरच्या भाराने वाऱ्यात कलंडलं आणि शेकडो खलाशी गेले. “तोफेचो गोळो भायरसून येता, तो दिसता,” काका म्हणत. “वजन आतल्या आत बुडवता, ता दिसणा नाय.”

२०१२च्या सुमारास समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट होता. एका पहारा-बोटीच्या केबिनभोवती आणि छतावर गोळीरोधक पत्रे चढवायचं काम यार्डाला मिळालं. हिशेब माझा. काकांनी एवढंच विचारलं, “लोखंड घातलंस ता बरा केलंस. खंय घातलंस?” कुठे ते कागदावर होतंच, म्हणून मी चिडून कागद पुढे केला.

पत्रे चढले. बोट दुसऱ्या दिवशी नऊ माणसं घेऊन निघणार होती आणि काका बोट सोडायच्या कागदावर सही करेनात. आधी बोट कलवून बघू, म्हणाले. मॅनेजरने सर्वांदेखत सुनावलं, की तुमचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, विसरू नका. मालकाचं ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला, आटपा, चालूच होतं. काकांनी पेन काही उचललं नाही.

त्यांच्या सहीशिवाय बोट सोडता येईना, म्हणून शेवटी चाचणी झाली. केबिनमध्ये ओळंबा टांगला आणि वाळूची पोती एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेली. बोट कलली. माझ्या कागदावरच्या आकड्याशी ओळंबा थांबायला हवा होता. तो दुपटीच्याही पुढे गेला. छतावरच्या पत्र्यांचं वजन मी बरोबर धरलं होतं, उंची मात्र डेकची धरली होती.

छतावरचे पत्रे उतरवले आणि बोट आठवडाभर उशिरा निघाली. चूक कोणाची, हे काकांनी कोणालाच सांगितलं नाही. मॅनेजरने उशिराचं खापर त्यांच्यावर फोडलं. व्हिसा वाढला नाही.

सीबच्या विमानतळावर त्यांना सोडायला गेलो तेव्हा मी म्हणालो, “काका, उद्या मी मॅनेजरला सगळं सांगतो.”

“माझो व्हिसा काय परत येवचो नाय. तुझो मात्र जायत. गप रव.”

दोन वर्षं त्यांनी मला गाडीत इतकं शिकवलं, मी कधी नीट कान दिला नाही. तेवढं एक मात्र त्यांचं मी ऐकलं.